घरटी तीन, कायम

प्रिय पाणकावळ्या,

अकरा वर्षांनी आलेलं पत्र आणि वर हे असलं संबोधन. तू आधी दचकला असशील आणि मग पाकीट उलटंपालटं करून पाठवणाऱ्याचं नाव शोधलं असशील. ते मी घातलेलं नाही. माझं हजेरीपटावरचं नाव तू कधी घेतलंच नाहीस, मग पाकिटावर तरी कशाला? चिखलातून वर आलास की तू दोन्ही हात पसरून उन्हात शर्ट वाळवत उभा राहायचास म्हणून पाणकावळा, आणि मी कुणाच्याही दारात गेले की नमस्काराच्या आधी "घरात माणसं किती?" विचारायचे म्हणून शिरगणती. तुझा पत्ता तुझ्या वहिनींकडून मिळवला. त्या म्हणाल्या, भाऊजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात, गिऱ्हाइकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावतात, आणि दुर्बीण केव्हाच शेजारच्या कुणाला तरी देऊन टाकली. दुर्बिणीशिवायचा तू मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

घाबरू नकोस, सगळी खुशाल आहेत. आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदूही काढून झाला. आता तिला सुईत दोरा ओवता येतो आणि त्याहून वाईट म्हणजे घरातली धूळ दिसते. शिवणयंत्र अजून चालू आहे, जिभेसकट. ऑफिस तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आलं, एवढीच काय ती प्रगती. साहेब तेच. तू त्यांना 'परिशिष्ट' म्हणायचास हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, तरी नव्या मुलांनी आपोआप तेच नाव पाडलं, कारण माणूस काडीचा बदललेला नाही. अडचणीचं काही समोर आलं की हात झटकून "ते परिशिष्टात टाका." मी मात्र बदलले. छाननी आता माझ्याकडे आहे. म्हणजे प्रकल्प आला की त्याला कुठला अहवाल लावायचा, हिरव्या कव्हरचा की खाकी, हे मी सांगायचं. तुझ्या वेळेसारखंच आहे सगळं. हिरव्यात पाणी, झाडं, पक्षी, मासे. खाकीत माणसं, त्यांची घरं, कामधंदे, शाळा, येण्याजाण्याच्या वाटा. मोठ्या प्रकल्पाला दोन्ही अहवाल करतात, अगदी बारक्याला एकही नाही, आणि अधल्यामधल्याला एकच पुरा, दुसऱ्या विषयाची दोन पानं शेवटी चिकटवायची. एकाला ताट, दुसऱ्याला चमचा. हे काम मला दिलं तेव्हा सगळे अभिनंदन करायला आले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तर सध्या मी ठार गोंधळलेली आहे, आणि गोंधळ सांगायला तुझ्याशिवाय कुणी आठवेना. आपली पाणथळ परत टेबलावर आली आहे. तोच जुना बांध. आता तो मीटरभर उंच करायचा आणि त्यावरून रस्ता काढून पलीकडे न्यायचा आहे. बांध संपला की पुढे रस्त्याला दोनच वाटा आहेत. एक लव्हाळ्यातून, जिथे तुझ्या पाणकोंबड्या अंडी घालतात. दुसरी मागच्या माळावरून, जिथे चटया विणणाऱ्यांची वस्ती आहे. मी हिरवं कव्हर निवडलं तर अहवाल म्हणणार, लव्हाळा वाचवा, रस्ता माळावरून न्या. घरं उठली. खाकी निवडलं तर म्हणणार, घरं वाचवा, लव्हाळ्यातून न्या. पक्षी उठले. म्हणजे अभ्यासाला अजून कुणी बूटही घातलेले नाहीत आणि मी कव्हराचा रंग सांगितला की रस्ता ठरला. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधल्या कठड्यावर बसून मी पेन्सिलीला टोक काढतेय.

पेन्सिल अशासाठी की छाननीचा तक्ता मी शाईने भरायचं धाडस केलेलं नाही. एकतीस प्रश्न आहेत, प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही'. पहिल्या सोमवारी भरला तेव्हा हिरवा चार गुणांनी पुढे होता. मंगळवारी सकाळी वाटलं, 'उपजीविकेवर परिणाम' हा प्रश्न मी फार हलक्यात घेतला. खोडला, परत भरला, खाकी दोन गुणांनी पुढे. गुरुवारी बरोबरी. तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात. या खेळात लहानपणीही मी पहिल्याच फेरीत बाद व्हायचे. कागद एका जागी इतका विरला आहे की पलीकडचं टेबल दिसतं. साहेब रोज दारातून डोकावून विचारतात, "झालं का?" आणि मी "होतंय" म्हणते. काल ते म्हणाले, एवढं काय त्यात, कुठलंही एक घ्या, दुसरं परिशिष्टात टाका. मला हसू आलं, आणि लगेच वाटलं की तू असतास तर आपण दोघं जिन्यात जाऊन हसलो असतो.

आईलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, माणसं मोठी की पाखरं, एवढंच ना? मग माणसं. यात विचार कसला करायचा? मी म्हटलं, माणसांना दुसरीकडे घर बांधून देता येतं, पाणकोंबडीला कोण बांधून देणार? तर म्हणाली, मग पाखरं. मी म्हटलं, पण या माणसांना एकदा उठवलेलं आहे, परत उठवायचं? मग तिने यंत्र थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "हे बघ, मला कपडा आणि माप दे, मी शिवून देते. हे असलं, ज्याला अंगच नाही असलं काही माझ्याकडे आणू नकोस." जेवताना मात्र आपणहून म्हणाली, दोन्ही धरून एकच अहवाल का नाही करत? तसा कोठाच तक्त्यात नाही हे सांगितल्यावर तिने तक्ता करणाऱ्याचा जो उद्धार केला तो मी इथे लिहीत नाही.

मग मी जागेवर गेले. एकटीच गेले, नव्या मुलांना नेलं नाही. बसमधून उतरून बांधावरून चालत पलीकडे जायला पाऊण तास लागतो. तुला आवडेल ते आधी सांगते. लव्हाळा चांगला आहे. डोक्यापेक्षा उंच. आत कुठेतरी पाणकोंबडी कर्रकन ओरडली, आणि मी सवयीने वळून तुला 'कुठे?' विचारणार होते. मला ती अजूनही दिसत नाही, तू बोट दाखवल्याशिवाय दिसायची नाहीच. पुढे काठावर एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून विळ्याने लव्हाळा कापत होती. सगळी वस्ती तिला मावशी म्हणते, मीही म्हणते. मी तिला माझं कोडं जसंच्या तसं घातलं, तक्त्यातली भाषा काढून. ती न थांबता कापत राहिली आणि म्हणाली, "लव्हाळा गेला तर आम्ही इथे राहून काय करू? आणि आम्ही गेलो तर याला कापणार कोण? दोन वर्षं नाही कापला तर आतनं कुजतो. कुजला की पाखरू बसत नाही." मग तिने मला एक जुनं घरटं दाखवलं. ते कापलेल्या बुंध्यांवर बांधलेलं होतं, नवीन फुटव्यांच्या आडोशाला. माणसांनी कापलं म्हणून पाखराला बसायला बूड मिळालं. आता सांग, हे घरटं हिरव्या कव्हरात जाईल की खाकी? मी वही काढली, वहीत एक उभी रेघ मारली, आणि रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचं ते न कळून वही मिटली. मी पंचवीस वर्षं पोट भरते आहे ते ही रेघ मारून. गेले तीन आठवडे मला ती रेघच सापडत नाही.

परत येताना आपली ती पाहणी आठवत होती. तेव्हाही बांध कुठे घालायचा हे ठरायच्या आधी, हिरवा की खाकी हे ठरवण्यासाठीच आपल्याला पाठवलं होतं. दोन दिवस, एक होडी, आणि असं धुकं की होडीवाला स्वतःलाच हाका मारत होता. तुझी वही पहिल्याच तासाला पाण्यात गेली आणि तू ती वाचवायला वाकलास तेव्हा जवळजवळ तूही गेलास. मग एकाच वहीत सगळं. तू पुढे बसून दुर्बिणीतून बघत सांगायचास, आणि मी मागे बसून लिहायचे. "खडकाची खाच, घरटी पाच, हंगामी." "मधलं बेट, घरटी नऊ, कायम." कायम म्हणजे पाखरं वर्षानुवर्षं त्याच जागी येतात, हे तू मला त्या होडीत शिकवलंस. दुसऱ्या दिवशी तुझ्या पायात शिंपला घुसला, म्हणून पलीकडच्या काठावर मी एकटीच उतरले. तू होडीत पाय वर करून बसलास आणि तुझा मफलर माझ्या गळ्यात टाकलास. त्या मफलराला माशांचा वास येत होता. तो मी परत केला नाही, हे तुझ्या लक्षात आहे का मला माहीत नाही.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, किंवा माहीत आहे असं तुला वाटतं. तू दुसऱ्या पाहणीवर निघून गेलास. तक्ते टंकून तयार झाले, तू मध्ये एक दिवस येऊन घरट्यांच्या तक्त्यावर सही करून गेलास. मी आईच्या पहिल्या डोळ्यासाठी तीन आठवडे रजेवर होते. परत आले तोवर साहेबांनी छाननी उरकली होती. हिरवं कव्हर. पलीकडच्या काठावर कायम वस्ती नाही, सबब सामाजिक अभ्यासाची गरज नाही. मी अहवाल उघडलाही नाही. माझी माणसं परिशिष्टात असतील असं धरून चालले. दोन वर्षांनी बांधाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी पलीकडच्या काठावर चढलं. जिथे कागदावर कुणीच राहत नव्हतं तिथून लोक विणायचे माग, भांडी, म्हातारी माणसं डोक्याखांद्यावर घेऊन माळावर पळाले. कुणाचा जीव गेला नाही, पण घर एकाचंही राहिलं नाही. आणि कागदावर नसलेल्या माणसांना नवी जागा कोण देणार? माळावर त्यांची त्यांनीच झोपड्या घातल्या.

मग ती चौकशीची बैठक. लांब टेबल, कोमट पाणी, आणि साहेब कधी नव्हे ते परिशिष्टाचं नाव काढत नव्हते. टंकलेल्या तक्त्यात तुझ्या सहीवर एक ओळ होती: पलीकडचा काठ, घरटी तीन, कायम. जिथे माणसं राहत होती तिथे तुला तीन घरटी कशी दिसली, असं चौकशीला आलेल्यांनी विचारलं. मूळ वही मागितली, ती सापडत नव्हती. तू तक्ता पुढे ओढून आपली सही बघितलीस. मग म्हणालास, धुकं होतं, मी होडीतूनच पाहिलं, तीन घरटी पाहिल्यासारखं आठवतंय, काठ चुकला असेल, चूक माझीच. कुणी तुला काढलं नाही. तूच राजीनामा दिलास. जाताना माझ्या टेबलाशी आलास आणि म्हणालास, "तुझी माणसं माझ्यामुळे कागदावरून पुसली गेली. मला माफ कर." आणि मी "असू दे" म्हणाले.

आता परत तक्त्याकडे येते. इतका वेळ मी तुला हिरवा आणि खाकी सांगत बसले, आणि ते खोटं नाही. त्या घरट्याचं काय करायचं हे मला खरंच कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं वाटतं त्यांची मला भीती वाटते. पण तीन आठवडे पेन्सिल अडली आहे ती तिथे नाही. ती सतराव्या प्रश्नावर अडली आहे. प्रकल्पक्षेत्रात कायम वस्ती आहे काय? आहे की. मी तिथे जाऊन आले, सव्वीस घरं मोजून आले. पण नियम असा, की जुन्या प्रकल्पाचाच पुढचा टप्पा असेल तर जुन्या अहवालात जे लिहिलंय तेच खरं धरायचं. जुन्या अहवालात तिथे कुणी नव्हतं. म्हणजे आज आहेत ते 'नंतर आलेले'. नंतर आलेल्यांना उठवायला फक्त नोटीस लागते, अभ्यास लागत नाही, पर्यायी जागा तर नाहीच. तेव्हा सतराव्याचं उत्तर 'नाही', आणि ते 'नाही' असलं की बाकीचे तीस प्रश्न कसेही भरा, हिरवाच जिंकतो. रस्ता माळावरून. ही सव्वीस घरं दुसऱ्यांदा उठणार, आणि दुसऱ्यांदाही कागदावर कुणीच उठलेलं नसणार. ती आधीपासून तिथेच होती हे दाखवणारा त्या वेळचा पुरावा जोडला तरच उत्तर 'होय' करता येतं. साहेब म्हणाले, असा पुरावा कुठून आणणार, ती वही तर गेली.

त्या दिवशी मावशी आणखी एक बोलली, ते मघाशी गाळलं. कापून झाल्यावर ती वर आली, पदर पिळला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तू तीच ना गं? धुक्यात आली होतीस. घरात माणसं किती म्हणून विचारलंस. आम्ही तिघं, मी, नवरा नि पोरगी. तू लिहून घेतलंस. मी शेजारणीला म्हटलंसुद्धा, आता आपण मोजले गेलो." रागाने नाही बोलली. खरंच काय झालं ते तिला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, कागद मागेपुढे झाला असेल. ती बरं म्हणाली आणि भारा उचलून चालू लागली. बस येईपर्यंत मी थांब्यावर उभी होते.

आपल्या धंद्यात 'ध'चा 'मा' कुणी मुद्दाम करत नाही, तो आपोआप होतो. त्या धुक्यात मी पलीकडच्या काठावर दारोदार फिरले. कुठे दोन माणसं, कुठे चार, सरासरी तीन. घरं मोजून आकडा लिहायचा होता, पण होडीवाला हाका मारत होता, म्हणून म्हटलं, घरं किती ते लक्षात राहील, आत्ता एवढंच लिहू. आणि वहीत, तुझ्या दोन ओळींच्या मध्ये, मी लिहिलं: पलीकडचा काठ, घरटी तीन, कायम. घरटी तीन. दर घरामागे तीन माणसं. घरटी एक माणूस पाठवा म्हणतो ना आपण, तसं. कायम म्हणजे कायमची राहणारी. मी खाकीवाली, मला त्या शब्दांचा दुसरा अर्थ सुचलाही नाही. तुला पहिला सुचला नसता. रजेवर जाण्याच्या आदल्या दुपारी टंकलेखक बाईंजवळ बसून वही वाचून दाखवली तीही मीच, कारण अक्षर माझं. आईच्या दवाखान्याची वेळ होत आली होती. मी भराभर वाचत गेले, खडकाची खाच, मधलं बेट, पलीकडचा काठ, आणि बाईंनी ते सगळं भराभर घरट्यांच्या तक्त्यात घातलं. मावशीचं तिघांचं घर आणि बाकीची सगळी घरं मिळून तीन घरटी झाली. तू परत येऊन माझ्या भरवशावर सही केलीस.

आणि चौकशीच्या दिवशी वही हरवलेली नव्हती. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी ती उघडली होती, ती ओळ पाहिली होती आणि पाहताक्षणी मला सगळं कळलं होतं. साहेबांनी "वही कुठे?" विचारलं तेव्हा ती आईच्या शिवणयंत्राच्या खणात होती, आणि मी म्हणाले, सापडत नाही. मला वाटलं होतं, वही नाही म्हणजे कुणाचीच चूक ठरणार नाही. तू उठून ती आपल्या अंगावर घेशील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घेतलीस तेव्हा बोलायला तोंड उघडायचं होतं, ते उघडलं नाही. तू माफी मागायला आलास तेव्हाही नाही. घाबरले होते, एवढंच खरं कारण आहे. आज सकाळी तक्ता शाईने भरला. सतरावा प्रश्न, होय. मुख्य अहवाल खाकी, आणि घरट्यांचं प्रकरण परिशिष्टात टाकायचं नाही, माणसांच्या बरोबरीने आत घालायचं, असं टिपणात लिहिलं. ते बरोबर की चूक हे मला अजून माहीत नाही, कुणीतरी मला चूक ठरवलं तर मी ऐकून घेईन. पुरावा म्हणून वही जोडली, ती ओळ घरट्यांची नाही, माझ्या माणसांची आहे हे सहीनिशी लिहिलं आणि वही अकरा वर्षं कुणाकडे होती तेही लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत पहिल्यापासून वाचलं. माझं काय होईल ते पुढच्या आठवड्यात कळेल, ते माझं मी बघेन. पण चौकशी परत उघडणार आणि तुला खुलाशासाठी सरकारी भाषेतलं पत्र येणार. ते पोचायच्या आधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, म्हणून हे लिहिलं. पाणकावळ्या, तू काठ चुकला नव्हतास. धुक्यातही तुझा आकडा एकदासुद्धा चुकला नव्हता, मी ओळ न् ओळ नंतरच्या पाहण्यांशी ताडून पाहिली. तुला आठवतात ती तीन घरटी तिथे नव्हती. ती तू पाहिलेली नाहीस. मी गप्प बसले म्हणून तुला ती दिसायला लागली.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,

शिरगणती